पेटीतील माशी आणि माळावरील माशी

सोलापुराहून पुण्याच्या रस्त्यास लागलेल्या प्रवाशास वाटेत मोहोळ नावाचे गाव लागते. ज्वारीची प्रसिद्ध मालदांडी जात येथल्याच संशोधन केंद्रावर निवडली गेली, म्हणून शेतकरी वर्गास या गावाचे नाव चांगले परिचित आहे. नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो. परंतु हा शब्द कानी पडताच उंच फांदीस लोंबणारे, माश्यांच्या दाटीने काळे झालेले पोळे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. अलीकडे मात्र या जिल्ह्यात, विशेषेकरून सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या भागांतील डाळिंबाच्या बागांतून, निराळ्याच प्रकारचे मोहोळ दृष्टीस पडू लागले आहे. बागेस ताण देऊन, मग पाणी सोडून बहर धरला आणि लाल कळ्या उमलू लागल्या, की मालमोटारींतून लाकडी पेट्या येतात, बांधावर ओळीने मांडल्या जातात, आणि फुले सरली की पुन्हा मोटारीत चढून दुसऱ्या गावी जातात. या पेट्यांतील माश्यांना बागेत मजुरी असते, आणि त्यांच्या मालकास भाडे मिळते.

यात आक्षेपार्ह असे काही आहे, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटणार नाही. उलट मधमाशी हा जीव आपल्या संस्कारांत इतका पुण्यवान ठरलेला आहे, की तिची संख्या वाढविणे म्हणजे सृष्टीवर उपकार करणे, असेच सुशिक्षित माणूस समजतो. शाळांतून ‘मधमाशी वाचवा’ अशी वाक्ये फळ्यावर लिहिली जातात. वाढदिवसास झाड लावावे तशी हौसेने मधपेटी ठेवणारे गृहस्थही निघाले आहेत. २०२० साली मध्यवर्ती सरकारने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान काढून त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. उद्योग म्हणून या सर्वांचे आम्ही स्वागतच करू. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्या जीवाची वाढ आपण आपल्या लाभासाठी करतो, त्याच्या वाढीने सृष्टीचे ऋण फिटले असे मानण्याचा अधिकार आपणास आहे काय? आणि त्याच्या वाढीपायी दुसऱ्या कोणाच्या ताटातील घास जात असेल, तर त्याची जबाबदारी कोणावर?

प्रथम ही पेटीतील माशी कोण, हे पाहिले पाहिजे. आपल्या देशाच्या मधमाश्या मुख्यत्वे चार. उंच झाडावर, कड्यावर किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भले मोठे उघडे पोळे लावणारी आग्या. झुडपात तळहाताएवढे पोळे लावणारी फुलोरी. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकापुढे एक समांतर पोळी बांधणारी सातेरी. आणि नांगी नसलेली, मुंगीएवढी, भिंतीच्या फटीत राहणारी पोयाची माशी. यांपैकी आग्या व फुलोरी उघड्यावर राहणाऱ्या, म्हणून त्या पेटीत नांदत नाहीत. सातेरीस मात्र अंधाऱ्या पोकळीची सवय असल्याने ती पाळता येते. १९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व पुढे १९४६ पासून महाबळेश्वरी मधोद्योगाचे काम संघटित रीतीने सुरू झाले, त्या वेळी पेटीत शिरली ती हीच सह्याद्रीतील सातेरी. डालातून आणलेल्या कोंबडीप्रमाणे ती परगावची नव्हती. शेजारच्या रानातील ढोलीतून ती अंगणातील पेटीत आली होती.

आज डाळिंबाच्या बांधावर दिसते ती बहुतेक वेळा निराळी माशी असते. ती युरोपातील; शास्त्रज्ञ तिला एपिस मेलिफेरा म्हणतात. १९६२ साली कांगडा जिल्ह्यातील नगरोटा येथे, जो भाग त्या वेळी पंजाबात होता, तिचा आपल्या देशात प्रथम यशस्वी रीतीने जम बसविण्यात आला. ती शांत आहे, मध पुष्कळ देते, आणि सातेरीप्रमाणे लहानसहान कारणाने पेटी सोडून जात नाही. पुढे १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानात सातेरीच्या अळ्यांना मारणारी थाई सॅकब्रूड नावाची साथ आली आणि पेट्यांमागून पेट्या रिकाम्या झाल्या. ही साथ मेलिफेराने आणली असे म्हणणे अन्यायाचे होईल; परंतु त्या रिकाम्या जागी पुष्कळ ठिकाणी मेलिफेरा येऊन बसली, ही गोष्ट खरी. रोगांच्या बाबतीत न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की व्हरोआ नावाची जी गोचिडीसारखी कीड आज जगभर मेलिफेराचा संहार करीत आहे, ती मूळची आशियातील सातेरीच्या अंगावरची. दोन अनोळखी जीवांना माणसाने एकत्र आणले, की इजा कोणाकडून कोणास होईल याचा नेम राहत नाही.

परंतु आमचा मुख्य मुद्दा मधमाश्यांच्या आपसांतील तंट्याचा नाही. जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती शास्त्रज्ञांनी मोजल्या आहेत, आणि मध साठविणाऱ्या त्यांतील मूठभरच. बाकीच्या बहुतेक जाती एकलकोंड्या. त्यांना राणी नाही, फौज नाही, कोठार नाही. एकटी मादी माळावरच्या कठीण जमिनीत बीळ कोरते, किंवा पोकळ काडीत घर करते, पराग व मकरंद यांचा लहानसा लाडू वळून त्यावर एक अंडे घालते, तोंड बंद करते, आणि दुसऱ्या लाडवाच्या तयारीस लागते. असे थोडेच लाडू झाले की तिचे आयुष्य संपते. आपल्या पिलाचे तोंडही ती पाहत नाही. या माश्यांना मराठीत धड नावेही नाहीत. कारण ज्याच्यापासून आपणास काही घ्यावयाचे नसते, त्यास नाव देण्याचे कष्ट भाषाही सहसा घेत नाही.

आणि तरीही आपल्या स्वयंपाकघरात यांचे देणे रोज येत असते. वांग्याचे फूल पाहावे. त्यातील पराग उघड्यावर नसतो. पुंकेसराच्या नळीत कोंडलेला असून टोकाच्या बारीक छिद्रातून तो बाहेर पडतो. काळा भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी त्या फुलास मिठी मारून अंगाची अशी काही थरथर करते, की मिठाच्या कुपीतून मीठ पडावे तसा पराग खाली झडतो. तो गुंजारव आपण काव्य म्हणून ऐकतो. वस्तुतः ते काम चाललेले असते. मधमाशीस, मग ती देशी असो वा विलायती, ही विद्या येत नाही. तुरीचे फूल असेच मिटलेल्या दाराचे. ते उघडण्यास अंगाचा भार लागतो, आणि पाने गोल कापून घरटी करणाऱ्या माश्या व लाकूड पोखरणारे भुंगे तो भार घालतात. बार्शीकडील सीताफळाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे परागसिंचन फुलाच्या जाड पाकळ्यांत शिरणारे बारीक भुंगेरे करतात. म्हणजे भरल्या वांग्याचे, वरणाचे आणि सीताफळाचे ऋण पेटीतील माशीच्या नावावर लिहिता येत नाही. २०१३ साली जगातील ४१ पीकपद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की रानकीटकांच्या भेटींनी फळधारणा जवळजवळ सर्वत्र वाढते, आणि मधमाश्या कितीही असल्या तरी त्यांची उणीव भरून निघत नाही.

आता तोट्याचा विचार करू. आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. हा शब्दच मधुकरावरून, म्हणजे भ्रमरावरून, आला आहे. फुलास दुखापत न करता प्रत्येकाकडून थोडे थोडे घ्यावे, एकाच घरी पोट भरू नये, असा त्या व्रताचा नियम. महाभारतात राजाने कर कसा घ्यावा हे सांगताना हाच भ्रमराचा दाखला दिला आहे. पाच घरे हिंडणाऱ्या त्या मुलामुळे कोणाही गृहिणीस जड झाले नाही. परंतु कल्पना करा, की एके दिवशी त्याच आळीत चाळीस हजार मुले माधुकरीस उतरली. त्यांना कोणीतरी मोटारीतून आणून सोडले आहे, आणि मिळालेले अन्न ती खात नसून साठवीत आहेत. अशा वेळी प्रत्येक मुलगा व्रताचा नियम अक्षरशः पाळीत असला, तरी त्या आळीचा नेहमीचा विद्यार्थी उपाशीच राहावयाचा. भरल्या पेटीत माश्यांची संख्या याच मानाची असते. अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०१७ साली हिशेब मांडला, तो असा: रानात तीन महिने ठेवलेल्या चाळीस पेट्यांच्या माश्या जेवढा पराग गोळा करतात, तेवढ्यावर एकलकोंड्या माश्यांची सुमारे चाळीस लाख पिले पोसली असती. कॅनरी बेटांतील तैदे राष्ट्रीय उद्यानात दरवर्षी हंगामात पेट्या नेण्याची चाल आहे. तेथील निरीक्षणे २०१९ साली प्रसिद्ध झाली. पेट्या आल्यावर फुलांवर येणाऱ्या रानकीटकांची विविधता घटली, आणि पेट्यांच्या जवळपास काही झुडपांना बी धरण्याचे प्रमाणही कमी झाले. पाहुणा आल्याने केवळ घरचे उपाशी राहिले नाहीत, अन्न देणाऱ्याचेही नुकसान झाले.

येथे पूर्वपक्षाचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे. कोणी म्हणेल, की ‘परकी’ माशी म्हणून तुम्ही तिच्यावर रोष धरता; पण ज्वारी आफ्रिकेची, डाळिंब इराणकडचे, मिरची, भुईमूग व सीताफळ अमेरिकेची; ही सर्व तुम्ही सुखाने खाता. हा आक्षेप आम्हास पूर्णपणे मान्य आहे. परकेपणा हा दोष मानण्याची वृत्ती माणसांच्या बाबतीत जितकी अनिष्ट तितकीच ती जीवसृष्टीच्या बाबतीतही उथळ आहे, आणि आमचा आरोप तो नाहीच.

दुसरा कोणी अधिक मर्मग्राही आक्षेप घेईल. अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात मधमाशी मुळात नव्हतीच, म्हणून तेथे तिने गोंधळ घातला असेल. आपल्या देशात आग्या, फुलोरी, सातेरी लक्षावधी वर्षे आहेत, येथील फुलांना व एकलकोंड्या माश्यांना मोठ्या मोहोळांच्या शेजाराची सवय आहे. मग आणखी एका मधमाशीने काय बिघडते? या आक्षेपात तथ्य आहे, आणि परदेशांतील निष्कर्ष डोळे मिटून सोलापुरास लावू नयेत, एवढे तो निश्चित शिकवितो. परंतु आग्या मोहोळ आणि मोटारीतील पेटी यांत एक भेद आहे, आणि आमच्या मते सर्व विवेचनाचे मर्म त्यातच आहे. आग्या मोहोळास फुलांनी घातलेली मर्यादा असते. फुलोरा संपला की ते उठते, दूरच्या रानात जाते. दुष्काळ पडला की त्याची संख्या घटते. पेटीतील माशीस ही मर्यादा राहिलेली नाही. फुले नसतील तर तिचा मालक तिला साखरेचा पाक पाजतो, आणि बहर दुसरीकडे असेल तर मोटार तिला तेथे पोहोचविते. तिची संख्या माळावरील फुलांनी ठरत नाही. मधाच्या भावाने व बागेच्या भाड्याने ठरते. भुकेने बांधलेला भिक्षेकरी आणि व्यापाराने पाठविलेला भिक्षेकरी यांच्या झोळ्या सारख्या दिसल्या, तरी पहिलीस तळ असतो, दुसरीस नसतो.

सोलापूर जिल्ह्यात या भेदाचे महत्त्व अधिक आहे, कारण येथे फुलांचा सुकाळ बारमाही नसतो. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. डाळिंबाच्या बागेत बहर ऐन भरात असताना पेट्या आल्या, तर सर्वांस पुरेल इतके अन्न असते. त्या काळात स्पर्धेची भीती थोडी. संकट येते ते बहर सरल्यावर, पेट्या रेंगाळल्या म्हणजे. मधमाशी तीन-चार किलोमीटर सहज हिंडते. बांधावरची लहान माशी बिळापासून काही शे मीटरांपलीकडे जात नाही. मोठीस माळ ओलांडून जाता येते. धाकटीस तोच माळ म्हणजे सारे जग असते. अशा दिवसांत बांधावरची बाभूळ, बोर आणि पावसाळ्यानंतर उरलेली रानफुले एवढेच तिचे कोठार, आणि त्याच कोठारावर हजारोंची फौज उतरते.

बागाईतदारास दोष देणे आम्हास सोपे नाही, आणि ते आम्ही करणारही नाही. डाळिंबाने या दुष्काळी मुलुखास पैसा दाखविला. २००५ साली सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघाले, २०१६ साली सोलापूर डाळिंबास भौगोलिक मानांकन मिळाले. पण याच पिकाने तेल्या रोगाच्या रूपाने अनेकांस कर्जातही बुडविले. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याच्या बागेत फुले गळत आहेत, त्याने भाड्याची पेटी आणली तर त्यास सृष्टिधर्म सांगण्यास कोणत्या तोंडाने जावे? तथापि त्याच्यापुढे नव्हे, तर आपणा सर्वांपुढे एक प्रश्न उभा राहतोच. आज पेटी भाड्याने का आणावी लागते? पूर्वी याच मुलखात फुले फळास लागत, ती कोणाच्या मजुरीने? औषधांच्या फवाऱ्यांनी तो फुकटचा मजूर आपण मारला, बांध नांगरून त्याचे घर मोडले, वाळके लाकूड जाळून भुंग्यास हुसकावले. आणि आता त्याच कामासाठी दुसऱ्यास रोजावर बोलावतो. इतकेच नव्हे, तर त्या रोजंदारास ‘निसर्गाचा रक्षक’ अशी पदवी देऊन आपल्या मनाची समजूतही घालतो. गोठ्यातील म्हशी वाढल्याने रानातील गवा वाचला असे कोणी म्हणत नाही. माशीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसेही तसे म्हणतात.

नीतीच्या दृष्टीने खरी चूक येथे आहे. उपयुक्ततेस आपण दया समजलो. ज्याच्यापासून मध मिळतो त्यास जगविणे हा व्यवहार आहे; चांगला व्यवहार आहे, पण व्यवहारच. दयेची कसोटी, जो काही देत नाही किंवा ज्याचे देणे आपल्या वहीत चढत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो यावर लागते. आपल्या पूर्वजांनी गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला. जेवणापूर्वी अन्नाचा भाग बाजूस काढून ठेवावयाचा. आणि तो गाईसाठी किंवा नोकरासाठी नव्हे, तर नाव-गाव ठाऊक नसलेल्या जीवांसाठी. त्या विधीतील मंत्र आज कोणास पाठ नसले तरी चालेल, त्यातील विवेक मात्र टाकण्याजोगा नाही: सर्वच अन्नावर आपला हक्क नसतो. सोलापुरात सिद्धेश्वराचे तळे आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ते खोदविले, अशी परंपरा आहे. तळे खोदणाऱ्याने कोणाची तहान भागवावी याची यादी केलेली नसते. म्हणूनच त्या कामास धर्म म्हणतात.

याच्या उलट आपली आजची दृष्टी पाहावयाची असेल, तर सातबाराचा उतारा उघडावा. त्यात लागवडीस निरुपयोगी जमिनीस ‘पोटखराब’ असा शब्द आहे. सरकारी हिशेबास तो शब्द हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु तो हळूहळू आपल्या मनाचा शब्द झाला आहे. माळ म्हणजे पडीक, गवत म्हणजे वाया गेलेले रान. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ साली स्थापन झाले. ज्या पक्ष्याच्या नावाने ते झाले, त्याचे दर्शनही आता तेथे दुर्मीळ झाले आहे. एवढा उमदा, गुडघ्याच्या वर उभा राहणारा पक्षी माळाबरोबर आपल्या हातून निसटत असताना, त्याच माळाच्या बिळात राहणारी नखाएवढी माशी आपणास कशी दिसावी? आणि जी दिसलीच नाही ती गेल्याची बातमी कोणत्या वर्तमानपत्रात यावयाची?

शहरवासीयांनीही आपल्या अंगणाकडे पाहावे. ज्या वसाहतीतील मुले ‘मधमाशी वाचवा’ अशी चित्रे रंगवितात, त्याच वसाहतीच्या पाण्याच्या टाकीस आग्या मोहोळ लागले, की रात्री माणूस बोलावून ते जाळविले जाते. आग्याचा डंख भयंकर असतो, घरात लहान मुले असतात, ही भीती खोटी नव्हे. पण हे मोहोळ हंगामी असते, ते आपोआप उठून जाते. तेवढे दिवस गच्चीवर न जाणे पुष्कळदा पुरेसे असते. पेटीतील परकी माशी विकत घेणारे आणि टाकीवरील घरची माशी जाळणारे हात एकाच घराचे असावेत, यात आम्हास ढोंग दिसत नाही. विचाराचा आळस मात्र दिसतो.

मग करावे काय? पेट्या बंद कराव्यात असे आमचे म्हणणे नाही. बहरातील बागेत त्या जरूर याव्यात, आणि फुलांबरोबर त्यांनी निघून जावे. माळ, वनखाते राखते ती कुरणे व अभयारण्ये यांत मात्र त्या नेऊ नयेत; ती आळी माधुकरीसाठी राखून ठेवलेली आहे. जेथे सातेरी नांदते तेथे सातेरीच पाळावी. महाबळेश्वराजवळील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, त्यामागे सह्याद्रीतील माशी पाळण्याची दीर्घ परंपरा आहे. फवारणी फुले मिटल्यावर, सायंकाळी करावी. बांधाचा एखादा तुकडा नांगराविना ठेवावा, बाभळीचे एखादे वठलेले खोड उभे राहू द्यावे. यास खर्च नाही. मनास सवय मात्र लागते, कारण या देण्याची पावती मिळत नाही. मधाची बाटली येत नाही, भाडे येत नाही, छायाचित्रही येत नाही.

कदाचित म्हणूनच हे देणे अधिक शुद्ध आहे. माधुकरी वाढणारी गृहिणी त्या मुलाचे पुढे काय झाले हे विचारावयास जात नसे. तो कोणाचा, शिकून कोठे गेला, हे तिला बहुधा कळतही नसे. तिने त्याच्या वाटणीची भाकरी झाकून ठेवलेली असे, एवढेच. सातबारावरील त्या पोटखराब गुंठ्यांत आपणही एक भाकरी झाकून ठेवावी. पुढच्या वर्षी तुरीस शेंगा धरल्या, तर त्या कोणाच्या येण्याने धरल्या हे आपणास समजणार नाही. आणि ते समजले नाही म्हणून आपले काही अडणारही नाही.